डोव्हरचा दर्यासारंग : अॅडमिरल सर बर्ट्राम रॅमसे

दर वर्षी या स्मरणिकेत एखाद्या कर्तृत्ववान पुरुषाचे चरित्र देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. तो पुरुष बहुधा आपल्यातलाच असतो. निदान आपल्या मुलुखातला तरी असतो. यंदा आम्ही परक्या देशाचा, परक्या धर्माचा, आणि ज्या सत्तेखाली आपल्या आजोबा-पणजोबांनी उमेदीची वर्षे काढली त्या सत्तेच्या आरमाराचा एक सेनापती निवडला आहे. याबद्दल काही वडीलधारी मंडळी आम्हांस दोष देतील, याची जाणीव आहे. परंतु आपल्या घराघरांत असा एक तरी गृहस्थ सापडतो की ज्याने वरिष्ठाशी न पटल्यामुळे चांगली नोकरी सोडली आणि पुढे उभा जन्म ओसरीवर बसून त्या गोष्टीचा विचार करण्यात घालविला. ज्याचे चरित्र आम्ही सांगत आहोत तोही याच वाटेने गेलेला मनुष्य होता. फरक एवढाच की, त्याला पुन्हा बोलावणे आले.

बर्ट्राम होम रॅमसे यांचा जन्म 20 जानेवारी 1883 रोजी लंडननजीकच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात झाला. घराणे मूळचे स्कॉटलंडचे, पेशा लष्करी. वडील विल्यम अलेक्झांडर रॅमसे हे चौथ्या हुसार या घोडदळाच्या पलटणीत अधिकारी होते व पुढे तिचे प्रमुख झाले. गेल्या शतकापूर्वीच्या शतकाच्या अखेरीस ही पलटण बंगलोरास असताना विन्स्टन चर्चिल नावाचा एक तरुण अधिकारी तिच्यात होता. पित्याच्या हाताखाली पोलो खेळणारा हा पोरगेला अधिकारी पुढे चाळीस वर्षांनी पुत्राचे नशीब फिरविणार होता. पण बर्ट्रामला घोडदळाचे वेड लागले नाही. 1898 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो ‘ब्रिटानिया’ या शिकाऊ जहाजावर दाखल झाला आणि समुद्राचा झाला.

त्याच्या आरंभीच्या नोकरीचा तपशील देऊन आम्ही वाचकांना कंटाळा आणीत नाही. 1903-04 मध्ये सोमालीलँडच्या मोहिमेत त्याने काम केले, ‘ड्रेडनॉट’ या नव्या पद्धतीच्या प्रचंड युद्धनौकेवर काही काळ काढला, निशाणांच्या व बिनतारी संदेशांच्या शास्त्रात विशेष शिक्षण घेतले. 1913 मध्ये युद्धयोजनेच्या अभ्यासक्रमास तो गेला. त्या काळी तोफा चालविणाऱ्या अधिकाऱ्यास मान होता. कागदावर मोहीम आखणाऱ्यास कारकून समजण्याची वृत्ती होती. रॅमसेने हे कारकुनी समजले जाणारे शास्त्र मन लावून आत्मसात केले.

पहिल्या महायुद्धात त्याला डोव्हरच्या गस्तीच्या आरमारात नेमणूक मिळाली. प्रथम ‘एम 25’ ही उथळ पाण्यात चालणारी तोफनौका आणि 1917 पासून ‘ब्रोक’ ही विनाशिका त्याच्या ताब्यात होती. 1918 च्या मे महिन्यात ओस्टेंड बंदराचे तोंड बुजविण्यासाठी जो दुसरा हल्ला झाला, त्यातील कामगिरीबद्दल त्याचा खलित्यात गौरवाने उल्लेख झाला. परंतु या तीन वर्षांत त्याने जे खरे धन मिळविले ते वेगळेच होते. इंग्लंड आणि फ्रान्स यांमधील ती चिंचोळी सामुद्रधुनी, तिच्यातील वाळूचे दांडे, भरती-ओहोटीचे ओढ, धुके, बेल्जमच्या किनाऱ्यालगतची उथळ पाणथळे, हे सर्व आपल्या कोकणच्या तांडेलास खाडीचे मुख ठाऊक असते तसे त्याला ठाऊक झाले. बावीस वर्षांनी ही विद्या फळास आली.

युद्धानंतर अॅडमिरल जेलिको हे साम्राज्यातील देशांच्या आरमारी व्यवस्थेची पाहणी करण्यास ‘न्यूझीलंड’ या जहाजातून निघाले, तेव्हा रॅमसे त्यांच्या सोबत होता. ते जहाज 1919 साली मुंबई बंदरातही आले होते. पुढे क्रमाक्रमाने क्रूझर व बॅटलशिप यांचे आधिपत्य त्याला मिळाले, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या संरक्षण विद्यालयात त्याने अध्यापन केले. 1929 मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, हेलन मार्गारेट मेंझीस हिच्याशी त्याचा विवाह झाला व यथाकाल दोन पुत्र झाले. 1935 मध्ये तो रिअर अॅडमिरलच्या पदावर चढला. इथपर्यंत सर्व सुरळीत होते.

त्याच वर्षी तो स्वदेशच्या मुख्य आरमाराचे सेनापती सर रॉजर बॅकहाउस यांचा प्रमुख सहायक झाला. दोघे जुने स्नेही. दोघेही कर्तबगार आणि कष्टाळू. तरीही दोघांचे चार महिनेसुद्धा पटले नाही. बॅकहाउस यांना प्रत्येक कागद स्वतः लिहावा, प्रत्येक हुकूम स्वतः द्यावा, अशी खोड होती. रॅमसेचे मत असे की, सेनापतीने निर्णय घ्यावा आणि त्याची मांडणी व अंमलबजावणी सहायकांच्या मंडळावर सोपवावी. हाताखालच्यांस काम न देणारा वरिष्ठ त्यांचा अपमान तर करतोच, शिवाय संकटाच्या प्रसंगी एकटा पडून बुडतो. डिसेंबर 1935 मध्ये रॅमसेने आपल्याला या जागेवरून मोकळे करावे अशी विनंती केली व ती मान्य झाली.

येथे कोणाची चूक? आम्ही या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला. तत्त्व रॅमसेचे खरे होते, यात आम्हांस संशय नाही. पुढील सर्व इतिहास त्याची साक्ष देतो. परंतु स्वभावाने तो ताठ होता, ढिलाई त्याला खपत नसे, आणि वरिष्ठाची मर्जी सांभाळून हळूहळू त्याला वळवावे ही कला त्याच्यापाशी नव्हती. किंमत मात्र त्यालाच मोजावी लागली. बॅकहाउस चढत चढत आरमाराच्या सर्वोच्च पदास पोहोचले. रॅमसेला मनाजोगे काम मिळाले नाही आणि 1938 साली, पंचावन्नाव्या वर्षी, त्याचे नाव निवृत्तांच्या यादीत घातले गेले. स्कॉटलंडच्या सरहद्दीकडील घर, बाग, घोडे, उशिरा झालेली लहान मुले, एवढाच संसार उरला. सामान्यतः चरित्र येथे संपते.

ऑगस्ट 1939 मध्ये युद्धाचे ढग दाटले आणि डोव्हरच्या ठाण्याचा प्रमुख म्हणून त्याला परत बोलावण्यात आले. नाव निवृत्तांच्या यादीतच राहिले. दर्जा व्हाइस अॅडमिरलचा, कचेरी डोव्हरच्या किल्ल्याखाली खडूच्या कड्यात नेपोलियनच्या काळी खोदलेल्या भुयारांत. पहिली कामे दोन : फ्रान्समध्ये जाणाऱ्या फौजेची ने-आण सुखरूप करणे आणि शत्रूच्या पाणबुड्यांना सामुद्रधुनी बंद करणे. सुरुंगांची जी माळ त्याच्या लोकांनी पसरली तिच्यात ऑक्टोबर 1939 मध्ये तीन जर्मन पाणबुड्या बुडाल्या. त्यानंतर त्या वाटेने येणे जर्मनांनी सोडून दिले.

मे 1940 मध्ये जे घडले ते सर्वश्रुत आहे. 10 मे रोजी जर्मन चिलखती दळे निघाली आणि दहा-अकरा दिवसांत समुद्राला येऊन भिडली. उत्तरेकडील ब्रिटिश फौज, फ्रेंचांची पहिली सेना व बेल्जमचे सैन्य यांची वाट तुटली. बूलोन पडले, कॅले पडले, उरले एक डंकर्क. 26 मेच्या सायंकाळी आरमारखात्याने रॅमसेला ‘डायनॅमो’ मोहीम सुरू करण्याचा हुकूम दिला. लंडनची अपेक्षा अशी होती की, दोन दिवस मिळतील आणि पंचेचाळीस हजार माणसे निघतील.

हे काम कसे होते याची कल्पना वाचकांनी करून पाहावी. डंकर्कची गोदी बाँबवर्षावाने जळत होती. किनारा मैलोगणती उथळ; मोठे जहाज अर्ध्या मैलाच्या आत येऊ शकत नसे. जवळची वाट एकोणचाळीस नाविक मैलांची. पण कॅलेजवळच्या जर्मन तोफांच्या माऱ्यात ती आली. म्हणून सत्त्याऐंशी मैलांची दुसरी वाट घ्यावी लागली आणि जहाजांच्या खेपा निम्म्यावर आल्या. मग रॅमसेच्या लोकांनी सुरुंग काढून मधली पंचावन्न मैलांची तिसरी वाट मोकळी केली. पहिल्या पूर्ण दिवशी, 27 मे रोजी, केवळ 7,669 माणसे इंग्लंडला पोहोचली. या हिशेबाने सारी फौज कैदेत जाणार हे उघड दिसत होते.

रॅमसेने किनाऱ्यावरील व्यवस्थेसाठी कॅप्टन विल्यम टेनंट यांना पाठविले होते. बंदराच्या पूर्वेस समुद्रात सुमारे मैलभर गेलेला एक लाटरोधक बांध होता; लाकडी खांबांवरचा, जेमतेम चारपाच माणसे ओळीने चालतील एवढा रुंद. त्याला जहाज लावण्याची कल्पना बांधणाऱ्यांनी कधी केली नव्हती. टेनंट यांनी एक आगबोट लावून पाहिली, ती टिकली. मग एकामागून एक विनाशिका लागू लागल्या. एकूण जेवढी माणसे सुटली त्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक या बांधावरून व बंदरातून सुटली. लहान नावा, मचवे, सहलीच्या बोटी, मासेमारांचे पडाव यांची कथा लोकांच्या तोंडी अधिक आहे, आणि ती खोटी नाही. किनाऱ्यावरून सुमारे अठ्ठ्याण्णव हजार माणसे उचलली गेली ती या लहान नावांनी मोठ्या जहाजांपर्यंत पोहोचविल्यामुळेच. परंतु मोहीम तरली ती बांधामुळे आणि विनाशिकांमुळे, हे सांगितले पाहिजे.

29 मे रोजी विमानांचा भयंकर हल्ला होऊन अनेक जहाजे गेली. तेव्हा आरमारखात्याने घाबरून आपल्या नव्या, मोठ्या विनाशिका मोहिमेतून काढून घेतल्या. इंग्लंडच्या पुढच्या रक्षणासाठी त्या राखून ठेवाव्यात, हा विचार अगदीच चुकीचा नव्हता. पण रॅमसेने हिशेब मांडून दाखविला की, त्यांच्यावाचून फौज निघणार नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारी त्या परत मिळाल्या. चार वर्षांपूर्वी ज्याला वरिष्ठास पटवून देता आले नव्हते त्याने या वेळी काही तासांत पटविले. 31 मे रोजी एका दिवसात 68,014 माणसे उतरली. 1 जूनला पुन्हा जहाजांचा मोठा संहार झाला, तेव्हा रॅमसेने दिवसाच्या खेपा बंद करून केवळ रात्री काम चालविले. खलाशी थकून उभ्या उभ्या झोपत होते, काही नावांवरील माणसांनी पुन्हा जाण्यास नकार दिला, त्यांच्या जागी दुसरी माणसे चढवावी लागली. भुयारातील मंडळीही दिवस-रात्र विसरली होती. त्या धामधुमीतही रॅमसे पत्नीस पत्रे लिहीत असे.

4 जून रोजी मोहीम संपली तेव्हा आकडा 3,38,226 झाला होता. त्यांपैकी सुमारे 1,23,000 फ्रेंच होते. मोहिमेत सहा ब्रिटिश विनाशिका आणि लहानमोठ्या मिळून दोनशेहून अधिक नावा बुडाल्या. अखेरची पिछाडी राखणारे हजारो फ्रेंच सैनिक किनाऱ्यावर मागे राहिले व कैद झाले. फ्रान्समध्ये ही सल पुष्कळ वर्षे राहिली आणि तिला कारण नव्हते असे म्हणवत नाही. मात्र शेवटच्या रात्री दमलेली जहाजे पुन्हा पाठविली गेली ती मुख्यतः फ्रेंचांसाठीच, हेही नोंदविले पाहिजे.

आपल्या वाचकांना क्वचितच ठाऊक असणारी एक गोष्ट येथे सांगतो. त्या किनाऱ्यावर हिंदी माणसेही होती. डिसेंबर 1939 मध्ये मुंबई बंदरातून खेचरांच्या पलटणी फ्रान्सला गेल्या होत्या. सैनिक बहुतेक पंजाबी मुसलमान. चार तुकड्यांपैकी एक जर्मनांच्या हाती सापडली, बाकीच्या सुटल्या. खेचरे मात्र मागे सोडावी लागली. ज्या जनावरांना हजारो मैल समुद्रापार सांभाळून नेले त्यांना सोडून येताना त्या माणसांना काय वाटले असेल, ते लढाईच्या इतिहासात कोणी फारसे लिहिले नाही.

रॅमसेला सरदारकी मिळाली आणि तो डोव्हरलाच राहिला. तेथील त्याचा सारा काळ यशाचा नव्हता. 12 फेब्रुवारी 1942 रोजी ‘शार्नहॉर्स्ट’ व ‘ग्नाइझेनाउ’ ही जर्मन जहाजे भर दिवसा त्याच्या दारावरून सामुद्रधुनी ओलांडून निसटली. त्यांच्यावर धाडलेली सहा जुनाट स्वोर्डफिश विमाने सर्वच्या सर्व पडली. अठरा वैमानिकांपैकी पाच वाचले. त्या दिवसाची नामुष्की अनेक खात्यांची होती, पण ठाणे त्याचे होते.

यानंतर माणसे परत आणण्याऐवजी माणसे नेण्याचे काम त्याच्याकडे आले. उत्तर आफ्रिकेवरील उतरणीची आखणी त्याने केली; जुलै 1943 मध्ये सिसिलीवर उतरलेल्या ब्रिटिश फौजेची जहाजे त्याच्या आधिपत्याखाली होती. आणि फ्रान्सवरील अंतिम आक्रमणाचा नौसेनापती म्हणून त्याचीच निवड झाली. एवढे होऊनही तो कागदोपत्री निवृत्तच होता! एप्रिल 1944 मध्ये त्याला सेवेत पूर्ववत घेऊन पूर्ण अॅडमिरलचा दर्जा देण्यात आला. सरकारी दप्तराची गती सर्व देशांत सारखीच असते, असे दिसते.

नॉर्मंडीच्या सागरी मोहिमेस ‘नेपच्यून’ हे नाव होते. सुमारे सात हजार जहाजे व नावा. त्यांत बाराशेवर युद्धनौका आणि चार हजारांवर सैन्य उतरविणाऱ्या सपाट तळाच्या नौका. दक्षिण इंग्लंडच्या डझनावारी बंदरांतून निघून या सर्वांनी ठरल्या मिनिटाला, सुरुंग काढलेल्या दहा वाटांतून, पाच किनाऱ्यांवर पोहोचावयाचे. रॅमसेचे हुकूमनामे जाड पोथ्यांसारखे होते. अमेरिकन अधिकाऱ्यांनी कुरकूर केली की, इतका तपशील वरून कशाला हवा. बॅकहाउस यांना हाच दोष देणाऱ्या रॅमसेवर हा आरोप यावा, ही मौज आहे. पण भेद आहे. रॅमसेने हे सारे आपल्या सहायकमंडळाकडून बांधवून घेतले होते, आणि दोन देशांची आरमारे एका रात्री एका अरुंद समुद्रात घालायची तर प्रत्येकाला आपली जागा अगोदर ठाऊक असणे अगत्याचे होते.

त्या दिवसांत एक निराळाच प्रसंग उद्भवला. पंतप्रधान चर्चिल यांनी स्वतः युद्धनौकेवर चढून आक्रमण पाहण्याचा हट्ट धरला. ते ऐकून राजे सहावे जॉर्ज यांनाही जावेसे वाटले. रॅमसेने दोघांचेही जाणे धोक्याचे असल्याचे स्पष्ट सांगितले. राजाने ऐकले आणि मग राजानेच पत्रे लिहून चर्चिलना थांबविले. ज्याने आपल्याला विस्मृतीतून वर काढले त्याच्या मर्जीविरुद्ध जाताना रॅमसे अडखळला नाही.

5 जून हा ठरलेला दिवस वादळाने हुकला. निघालेली काही जहाजे अर्ध्या वाटेतून परत फिरवावी लागली. साउथविक हाउस या वाड्यात सेनापतींच्या बैठका झाल्या. हवामान थोडे उघडेल असे भाकीत आले, तेव्हा रॅमसेने जनरल आयझेनहॉवर यांस जाणीव दिली की, निर्णय लांबला तर दूरच्या ताफ्यांना वेळेत हलविता येणार नाही आणि एकदा परतलेल्या जहाजांना लगेच पुन्हा पाठविता येणार नाही. 6 जूनचा निर्णय झाला. त्या एका दिवसात सुमारे 1,32,000 सैनिक समुद्रमार्गाने उतरले. समुद्रावर शत्रूचा प्रतिकार अपेक्षेहून फारच थोडा झाला. जे संकट येत नाही त्याची बातमी होत नसल्यामुळे रॅमसेचे नाव त्या दिवशीच्या वीरांत फारसे घेतले गेले नाही.

आता आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. 4 सप्टेंबर 1944 रोजी ब्रिटिश रणगाडे बेल्जममधील अँटवर्प बंदरात शिरले आणि गोद्या धडधाकट हाती लागल्या. मित्रसैन्याला त्या वेळी पेट्रोलची व रसदीची टंचाई होती. माल अजून नॉर्मंडीहून शेकडो मैल वाहून आणावा लागत होता. अँटवर्प म्हणजे सोन्याची खाण. परंतु हे बंदर समुद्रापासून सुमारे पन्नास मैल आत, शेल्ट नदीवर आहे, आणि नदीचे दोन्ही तीर जर्मनांकडे होते. रॅमसेने बंदर हाती येण्याच्या आदल्या दिवशीच तारेने इशारा दिला होता की, नदीमुख मोकळे केल्यावाचून हे बंदर निरुपयोगी आहे, शत्रू नदीत सुरुंग पेरील. कोणी मनावर घेतले नाही. माँटगोमेरी यांचे लक्ष ऱ्हाइन नदीकडे लागले होते. आयझेनहॉवर यांनी त्यांना त्या वेळी आवरले नाही. मधल्या काळात हजारो जर्मन सैनिक नदीपार निसटले आणि त्यांनी तटबंदी पक्की केली. अर्नहेमचा डाव फसला. 5 ऑक्टोबरच्या बैठकीत रॅमसेने सर्वांच्या समक्ष माँटगोमेरींच्या या दुर्लक्षावर टीका केली.

शेवटी शेल्टची मोहीम झाली. 1 नोव्हेंबरला वालखेरेन बेटावर सैन्य उतरले. मुखप्रदेश मिळविताना मित्रसैन्याची सुमारे तेरा हजार माणसे मृत, जखमी वा बेपत्ता झाली. त्यांतली निम्मी कॅनडाची. नदीतील सुरुंग काढण्यास आणखी तीन आठवडे लागले, आणि 28 नोव्हेंबर रोजी पहिला ताफा धक्क्याला लागला. इशारा मिळून बारा आठवडे झाले होते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या किनाऱ्यांवर शत्रूची तयारी अपुरी होती, हे ध्यानात घेता या माणसांपैकी किती वाचली असती, हा प्रश्न आम्हांस अस्वस्थ करतो. रॅमसे त्या वर्षी रोजनिशी लिहीत असे. ती 1994 मध्ये प्रसिद्ध झाली आहे व या प्रकरणातील त्याचा संताप तीत दिसतो. जाहीरपणे त्याने त्याचा गवगवा केला नाही.

डिसेंबरात जर्मनांनी आर्डेन्सच्या जंगलातून अखेरचा मोठा हल्ला चढविला, तो याच अँटवर्पच्या रोखाने. बंदराच्या रक्षणाविषयी माँटगोमेरींशी विचारविनिमय करण्यासाठी रॅमसे 2 जानेवारी 1945 रोजी ब्रसेल्सला जाण्यास निघाला. पॅरिसजवळच्या तूस्यू-ल-नोब्ल येथील धावपट्टीवरून हडसन विमान उडाले आणि लगेच कोसळले. आतील कोणीही वाचले नाही. वय एकसष्ट, दोन्ही मुले शाळकरी. धाकटा पुढे लष्करात मेजर जनरलच्या पदापर्यंत पोहोचला.

सेंट जर्मेन-आन-ले येथे, जेथे त्याचे मुख्य ठाणे होते, तेथील दफनभूमीत आयझेनहॉवर आदी सेनापतींच्या उपस्थितीत त्याला पुरण्यात आले. डोव्हरच्या किल्ल्यावर त्याचा पुतळा उभारला गेला तो 2000 साली. त्याच्या पायाखालच्या कड्यात ती भुयारे अद्याप आहेत आणि ती पाहण्यास लोक जातात.